शेक संपेपर्यंत

नेरूळच्या एका फिजिओथेरपी ओपीडीत सकाळी बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "मॅडम, शेक घ्यायला आलोय." कुणी 'करंट लावायला' येतं. व्यायाम करायला आलोय, असं म्हणणारं मला तरी कुणी दिसलं नाही. मॅडम वाद घालत नाहीत. गरम पाण्यातला पॅक काढतात, टॉवेलात गुंडाळून गुडघ्यावर ठेवतात आणि स्टूल ओढून शेजारी बसतात. पॅक पंधरा मिनिटं राहतो. खरं काम तेवढ्यात उरकायचं असतं.

डॉक्टरांच्या खोलीत पाच मिनिटं मिळाली तरी नशीब. इथे तोच माणूस आठ-दहा दिवस रोज येतो, अर्धा-पाऊण तास थांबतो. म्हणून साखर शेवटची कधी तपासली, झोप किती लागते, मशेरी लावता का, हे सगळं गप्पांच्या ओघात विचारता येतं. पहिल्या दिवशी "छे हो" म्हणणाऱ्या मावशी तिसऱ्या दिवशी "सकाळी थोडीशी" इथवर येतात. व्यायामाआधी बीपी मोजतात, त्यात गुडघ्यासाठी आलेल्याचा वाढलेला रक्तदाब पहिल्यांदाच कळतो.

मग खुर्ची. हात छातीवर घ्यायचे आणि ३० सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितकं उठायचं-बसायचं. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ वेळा जमलं नाही, तर पायांत जोर कमी आणि पडण्याचा धोका जास्त, असं धरतात. आकडा सांगितला की पेशंटचा चेहरा बदलतो. दुखणं सोसायची सवय असते. कमी मार्क मात्र कुणालाच सोसत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. वाशीहून लोकलनं रोज मुंबई गाठणाऱ्याला हा आकडा ऐकवून उपयोग नसतो. त्याला एक स्टेशन आधी उतरायला सांगतात. मावशींना ओटा धरून टाचा उचलायच्या असतात, कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत. हे पुस्तकात नसावं, पण घरी नेमकं तेवढंच होतं.

सगळ्यांत अवघड पेशंट वाशीच्या बाजार समितीतून येतो. माथाडी कामगारांसाठी १९६९चा कायदा आहे, गोणी ५० किलोपेक्षा जड नको ही त्यांच्या संघटनेची मागणीही जुनी. पण गोणी शेवटी पाठीवरच येते. त्याला "वजन उचलू नका" म्हणणं म्हणजे चूल विझवा म्हणणं. मॅडम तसं म्हणत नाहीत. वाळूची पिशवी पुढ्यात ठेवतात : कंबरेत वाकू नका, गुडघ्यांत वाका, ओझं अंगाला चिकटवा, पीळ देऊन वळू नका, पावलं टाकून वळा. तो हसतो. थप्पीवरून गोणी घेताना पाय ठेवायला जागा कुठं असते, हे तो त्यांना करून दाखवतो. पुढची दहा मिनिटं शिक्षक तो असतो, आणि सल्ला त्यानंतर बदलतो. तंबाखूचा विषय त्या दिवशी निघत नाही. तो चौथ्या दिवसासाठी राखून ठेवलेला.

मुंबईत फिजिओथेरपीचं शिक्षण १९५०च्या दशकात केईएममध्ये सुरू झालं, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर. तेव्हा लुळ्या पडलेल्या पायांत बळ आणायचं होतं. आज धडधाकट पाय दिवसभर टेबलाखाली पडून असतात. बिलाची पद्धत मात्र अजून मशीनलाच ओळखते. शेकाचे पैसे लागतात, करंटचे लागतात. स्टुलावर बसून केलेल्या बोलण्याची ओळ बिलात नसते. बोलणं आधी त्यामुळेच आखडतं, असं मला वाटतं. गर्दी वाढली की शेजारचं स्टूल रिकामं राहतं, पॅक तेवढा गरम असतो.

शेवटच्या दिवशी व्यायामाची चित्रं काढलेला कागद मिळतो आणि महिन्यानं खुर्चीची चाचणी पुन्हा द्यायला या, असा निरोप. दुखणं थांबलं की येणंही थांबतं. जे थोडे येतात, त्यांतले बरेच दुसरा गुडघा दाखवायला.