अनियमित नाडी आणि व्रतांचे नियम

हृदयविकार म्हटला की छातीत उठणारी कळ, घामाने डबडबलेला चेहरा आणि घाईघाईने गाठलेले रुग्णालय असे चित्र डोळ्यांसमोर येते. परंतु हृदयाचा एक विकार असा आहे, की जो पुष्कळदा कोणतीही वेदना न देता येतो, काही वेळा वर्षानुवर्षे लक्षात येत नाही आणि एखाद्या सकाळी थेट मेंदूवर आघात करून आपले अस्तित्व जाणवून देतो. वैद्यकशास्त्रात त्यास एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. साठीनंतर याचे प्रमाण वाढत जाते. जैन कुटुंबांत कडक व्रते, उपवास, चौविहार यांचे पालन करणारी मंडळीही बहुधा याच वयाची असतात. त्यामुळे या विकाराचे औषध आणि व्रतांचे नियम यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न अनेक घरांपुढे उभा राहतो. त्याचे उत्तर अर्धवट माहितीवर दिले गेले, तर किंमत फार मोठी मोजावी लागते.

लय बिघडते म्हणजे काय होते?

हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका म्हणतात. उजव्या कर्णिकेतील एका सूक्ष्म केंद्रातून विद्युत्संदेश निघतो आणि त्या तालावर हृदय मिनिटाला साधारण 60 ते 100 वेळा आकुंचन पावते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये या एका केंद्राची हुकमत राहत नाही. कर्णिकांत अनेक ठिकाणांहून मिनिटाला तीनशेहून अधिक अस्ताव्यस्त संदेश उसळतात. कर्णिका नीट आकुंचन न पावता नुसत्या थरथरतात आणि खालच्या कप्प्यांपर्यंत जे संदेश झिरपतात ते कोणत्याही तालाविना पोहोचतात. म्हणून अशा रुग्णाची नाडी नुसती जलद नसते, तर तिच्या दोन ठोक्यांमधील अंतर प्रत्येक वेळी निराळे असते. इंग्लंडमधील हृदयतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी 1909 च्या सुमारास या अनियमित नाडीचे मूळ कर्णिकांच्या थरथरीत असल्याचे ईसीजीच्या साहाय्याने दाखवून दिले. हे यंत्र घडविणारे डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हेन यांना 1924 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

खरा धोका थरथरीचा नाही, तिच्यामुळे साचणाऱ्या रक्ताचा आहे. डाव्या कर्णिकेला एक छोटी पिशवीसारखी पोकळी असते. कर्णिका आकुंचन पावेनाशी झाली की तेथे रक्त संथ होते आणि त्याची गुठळी बनू शकते. ती गुठळी सुटून रक्तप्रवाहाबरोबर मेंदूच्या रोहिणीत जाऊन अडकली, की पक्षाघात होतो. या विकारात पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट वाढते. अशा गुठळ्या मोठ्या असल्याने होणारा पक्षाघातही अधिक तीव्र असतो. एक बाजू लुळी पडते, वाचा जाते, समज मंदावते.

ओळख आणि निदान

धडधड, थोड्याशा श्रमाने दम लागणे, जिना चढताना थकवा, डोके हलके होणे ही याची लक्षणे होत. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही, किंवा थकव्याचे खापर वयावर फोडले जाते. म्हणून साठीपुढील प्रत्येकाने अधूनमधून आपली नाडी पाहण्याची सवय लावून घ्यावी. पाच मिनिटे शांत बसावे, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दुसऱ्या हाताची दोन-तीन बोटे हलकेच टेकवावीत आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. संख्येइतकेच महत्त्व तालाला आहे. ठोके वेडेवाकडे पडत असतील, तर ईसीजी काढून घ्यावा. विकार येऊन-जाऊन असेल तर साध्या ईसीजीत तो सापडत नाही. तेव्हा चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ नोंद ठेवणारे हॉल्टर यंत्र अंगावर लावतात. त्याबरोबर इकोकार्डिओग्राफी, थायरॉईड, मूत्रपिंड आणि रक्तातील क्षार यांच्या तपासण्या होतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, थायरॉईडची अतिक्रियाशीलता ही याची नेहमीची कारणे होत. भारतात लहानपणच्या संधिज्वरामुळे आकुंचित झालेली हृदयाची झडप हेही एक मोठे कारण आहे.

उपचारांच्या तीन बाजू

पहिली बाजू मूळ कारणांची. रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे, वजन उतरविणे, नियमित चालणे यांचा उपयोग औषधाइतकाच होतो. दुसरी बाजू गतीची व लयीची. बीटा-ब्लॉकरसारख्या औषधांनी ठोक्यांची गती कमी केली जाते. काही रुग्णांत औषधांनी किंवा नियंत्रित विद्युत्धक्क्याने लय पूर्ववत करतात. फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी 1998 मध्ये असे दाखविले, की या अस्ताव्यस्त संदेशांचा उगम बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या मुखाशी असतो. त्या शोधातून कॅथेटर अ‍ॅब्लेशन ही पद्धत रूढ झाली. मांडीतील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन त्या शिरांभोवतीचा भाग उष्णतेने किंवा अतिशीत तापमानाने निष्क्रिय केला जातो. योग्य रुग्णाची निवड झाल्यास तिचा चांगला लाभ होतो. काहींना ती पुन्हा करावी लागते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाजू म्हणजे गुठळी होऊ न देण्याची. ती कोणाला आवश्यक आहे हे ठरविण्याची गुणपद्धती साधी आहे. हृदयाची दुर्बलता, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा विकार यांना प्रत्येकी एक गुण. वय 65 ते 74 असल्यास एक, 75 किंवा अधिक असल्यास दोन. पूर्वी पक्षाघात होऊन गेला असल्यास दोन. बेरीज दोन वा अधिक झाली की रक्त पातळ ठेवणारे औषध घ्यावे, असे युरोपीय हृदयरोगतज्ज्ञ संघटनेची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात; एक गुण असल्यास डॉक्टर विचार करून ठरवितात. रक्तदाब असलेल्या 76 वर्षांच्या गृहस्थांचे गुण तीन होतात, मग त्यांना कोणताही त्रास जाणवत नसला तरी. या औषधांनी पक्षाघाताचा धोका सुमारे दोन-तृतीयांश कमी होतो. ॲस्पिरिन हा त्यांना पर्याय नाही.

औषध आणि व्रत यांची गाठ

या औषधांचे दोन वर्ग आहेत. जुन्या वर्गात वॉरफरिन आणि भारतात अधिक प्रचलित असलेले ॲसिनोकुमॅरॉल ही येतात. संधिज्वराने आकुंचित झालेली किंवा धातूची कृत्रिम झडप असलेल्या रुग्णांना आजही हीच औषधे द्यावी लागतात. ती जीवनसत्त्व 'के' च्या कार्यात अडथळा आणून रक्त गोठण्याची क्रिया मंदावतात. रक्त किती पातळ झाले हे आयएनआर नावाच्या तपासणीने कळते आणि तो आकडा बहुधा दोन ते तीनच्या दरम्यान ठेवावा लागतो. दोनच्या खाली गेला तर गुठळीचे भय, बराच वर गेला तर रक्तस्रावाचे.

येथेच जैन आहारपद्धतीचा संबंध येतो. जीवनसत्त्व 'के' मुख्यत्वे पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर, कोबी यांसारख्या हिरव्या भाज्यांतून मिळते. चातुर्मासात अनेक श्रावक-श्राविका पालेभाज्यांचा त्याग करतात, आयंबिलात तर हिरव्या भाज्या पूर्णतः वर्ज्य असतात. गोळीचा डोस मात्र आषाढापूर्वीचाच चालू राहतो. परिणामी आयएनआर वाढून हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाणे, अंगावर काळेनिळे डाग पडणे, क्वचित मेंदूत रक्तस्राव होणे संभवते. कार्तिकी पौर्णिमेनंतर भाज्या पुन्हा ताटात आल्या की उलट घडते. भाजी सोडणे किंवा खाणे यांत दोष नाही. दोष आहे तो तपासणीविना केलेल्या अचानक बदलात. चातुर्मासाचा नियम घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, नियम सुरू झाल्यावर आठवड्याभरात आयएनआर पाहावा आणि नियम सुटल्यावर पुन्हा पाहावा.

नव्या वर्गात डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्सॅबॅन, अ‍ॅपिक्सॅबॅन ही औषधे येतात. त्यांना पालेभाज्यांची अडचण नाही आणि आयएनआर तपासणीही नको. मात्र मूत्रपिंडाची तपासणी वरचेवर लागते. त्यांचे स्वतःचे नियम मात्र आहेत. रिव्हरोक्सॅबॅनची 15 किंवा 20 मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यावी लागते. 20 मिलिग्रॅमची गोळी रिकाम्या पोटी घेतल्यास तिचा सुमारे एक-तृतीयांश भाग शरीरात शोषलाच जात नाही. म्हणजे उपवासाच्या दिवशी गोळी पाण्याबरोबर घेतल्याचे समाधान मिळते, संरक्षण मात्र अपुरे राहते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना किंवा एकासण करणाऱ्यांना हे औषध त्या जेवणाबरोबर सहज घेता येते; सलग उपवास करणाऱ्यांना ते सोयीचे नाही.

अ‍ॅपिक्सॅबॅन आणि डॅबिगॅट्रान यांना जेवणाची अट नाही, पण ती दिवसातून दोनदा, सुमारे बारा तासांच्या अंतराने घ्यावयाची असतात. हिवाळ्यात सूर्यास्तापूर्वी सहाच्या सुमारास संध्याकाळची गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी नवकारशीनंतर सकाळची घेतली, तर मध्ये साडेतेरा ते चौदा तास जातात. हे अंतर चालेल की औषध बदलावे, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. मनाने एक गोळी गाळणे हा त्यावरचा उपाय नव्हे. या औषधांचा प्रभाव अल्पकाळ टिकतो, म्हणून एखादा दिवस चुकला तरी संरक्षणात खिंडार पडते.

जिलेटिन हा प्राणिज पदार्थ असल्याने कॅप्सूल फोडून आतील औषध घेण्याकडे काहींचा कल असतो. डॅबिगॅट्रानच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. कवचाविना ते कितीतरी अधिक प्रमाणात रक्तात मिसळते. शंका असल्यास औषधाच्या माहितीपत्रकात कवचाचा घटक पाहावा किंवा गोळीच्या स्वरूपातील दुसरे औषध डॉक्टरांकडून मागून घ्यावे.

निर्जल उपवासात शरीरातील पाणी व पोटॅशियम कमी होते. लघवीचे औषध किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांना याचा त्रास अधिक, आणि क्षारांचा तोल ढळला की हृदयाची लयही ढळते. पारण्यानंतर गुडघे दुखले म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके मनाने घेणेही या रुग्णांनी टाळावे, कारण रक्तस्रावाचा धोका त्याने वाढतो.

शास्त्राची भूमिका

व्रत मोडण्याची भीती मनात बाळगून औषध सोडणाऱ्यांनी धर्माचेच म्हणणे नीट पाहावे. षोडशकारण भावनांत तप आणि त्याग हे दोन्ही शक्तीनुसार करावयास सांगितले आहेत. बारा तपांत अनशन हे केवळ पहिले आहे. भुकेपेक्षा कमी जेवणे, रसपरित्याग, स्वाध्याय, वैयावृत्त्य, ध्यान ही सारी तपेच होत. पच्चक्खाणात आगार, म्हणजे सवलती, आधीच नमूद असतात आणि समाधी टिकविण्यासाठीची सवलत त्यांत आहे. कोणता नियम कोणत्या मर्यादेने घ्यावा, हे प्रकृतीची खरी माहिती देऊन साधू-साध्वींना विचारावे. ती माहिती लपवून घेतलेला नियम गुरूंनाही अडचणीत टाकतो.

पक्षाघात नेहमी मृत्यूच आणतो असे नाही. पुष्कळदा तो माणसाला जिवंत ठेवतो, पण णमोकार म्हणणारी वाणी आणि स्वाध्याय करणारी बुद्धी हिरावून घेतो. ज्या आराधनेसाठी गोळी टाळली, ती आराधनाच वर्षानुवर्षे खंडित होते.

कुटुंबाने काय करावे?

औषधांचा खर्च आता पूर्वीइतका भारी राहिलेला नाही. नव्या औषधांच्या पेटंटची मुदत संपल्यावर अनेक भारतीय कंपन्या ती बनवू लागल्या आणि किमती उतरल्या. आरोग्यविमा घेताना हा विकार लपवू नये. 2024 च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाल 36 महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. 70 वर्षे पूर्ण झालेल्यांना आयुष्मान भारत योजनेत, उत्पन्नाची अट न ठेवता, ऑक्टोबर 2024 पासून कुटुंबामागे वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. दरमहाच्या गोळ्या मात्र स्वतःच घ्याव्या लागतात, हे ध्यानात ठेवावे.

रुग्णाच्या खिशात औषधाचे नाव व डोस लिहिलेली चिठ्ठी असावी. दात काढताना किंवा शस्त्रक्रियेपूर्वी ती दाखवावी. चेहरा एका बाजूला ओघळला, हात उचलेनासा झाला, बोलणे अडखळू लागले, तर क्षणाचाही विलंब न करता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. शेवटची गोळी केव्हा घेतली होती, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आषाढ शुक्ल चतुर्दशीला चातुर्मासाचे नियम घेतले जातात. त्याआधी पंधरा दिवस घरातील वडीलधाऱ्यांची नाडी पाहणे, औषधांची यादी घेऊन त्यांना डॉक्टरांकडे नेणे आणि कोणते व्रत कसे झेपेल ते ठरविणे, हेही वैयावृत्त्यच आहे. त्यासाठी एक दुपार पुरते.