तीन स्वरांची धून

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथे टोनी आयोमी हा तरुण पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असे. त्याला गिटारचा नाद होता. १९६५ साली, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, त्याचा उजवा हात यंत्रात सापडला आणि दोन बोटांची टोके तुटली. टोनी डावखुरा, त्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका हाच!

मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. आगीत दोन बोटे निकामी होऊनही जँगो उत्तम गिटार वाजवी. मग टोनीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या, त्यांवर चामडे चिकटवले आणि गिटारला बारीक, हलक्या तारा लावल्या.

त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या चौघांच्या वाद्यवृंदाने १९६९ साली पहिली तबकडी जवळजवळ एकाच दिवसात ध्वनिमुद्रित केली. ती १९७० साली निघाली. सुरुवातीला पाऊस, मेघगर्जना आणि घंटानाद ऐकू येतो. मग संथ गतीने तीनच स्वर येतात : सा, वरचा सा आणि तीव्र म. पेटीवर वाजवून पाहा, मन कसे अस्वस्थ होते! समीक्षकांनी नाके मुरडली, पण श्रोत्यांनी ती उचलून धरली. 'हेवी मेटल' या संगीतप्रकाराची सुरुवात पुष्कळ जण याच तबकडीपासून मानतात.

५ जुलै २०२५ रोजी हे चौघे बर्मिंगहॅममध्ये अखेरचे एकत्र आले. त्या तबकडीतील एक गीत त्यांनी तेव्हाही सादर केले. गायक ऑझी ऑस्बोर्न बसूनच गात होता. २२ जुलैला तो वारला.