तारा तुटतो तेव्हा

‘तारा तुटला’ असं आपण सहज म्हणतो, पण ताऱ्याचं त्यात काहीच तुटत नाही. वाळूच्या कणाएवढा खडा सुसाट वेगानं वातावरणात शिरतो, समोरची हवा दाबली जाऊन भयंकर तापते आणि जमिनीपासून साधारण १०० किलोमीटरवर प्रकाशाची रेघ उमटते. ती उल्का. खडा मोठा असेल आणि जळून उरलेला तुकडा खाली पोचला, तर त्याचं नाव बदलतं: अशनी. (बातम्यांत दोन्ही शब्दांची सर्रास खिचडी होते, ते सोडा.) बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर ही अशाच अवकाशी आघाताची खूण; कठीण बेसाल्ट खडकातलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. डिसेंबरच्या मध्यावर मिथुन राशीकडून उल्कांचा वर्षाव होतो. बहुतेक वर्षावांमागे धूमकेतू असतो. इथे मात्र फेथॉन नावाचा लघुग्रह आहे.