नेमबाजीचें पिस्तूल कसें पारखावें?

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील मजकडे आले. मुलगी आतां महाविद्यालयांत शिकते आणि गांवच्या नेमबाजी-मंडळांत चार वर्षें नियमानें जाते. तिच्या हातीं मंडळाचें जुनें पिस्तूल होतें, आणि वर्षभर तिचे गुण कांहीं केल्या वाढत नव्हते. नुकतीच तिला एकवीस वर्षें पूर्ण झालीं. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणें आतां तिला स्वतःच्या नांवें परवाना मागतां येतो. कोणीं तरी वडिलांना सांगितलें कीं, परदेशी बनावटीचें नवें पिस्तूल घेतल्याखेरीज ती पुढें जाणार नाहीं. त्याची किंमत ऐकून त्यांनीं शेताचा एक तुकडा गहाण टाकण्याचें मनांत आणिलें होतें. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही शास्त्र शिकवितां. हें यंत्र खरोखर इतक्या मोलाचें असतें काय, एवढें मला सांगा."

मीं आयुष्यांत कधीं बंदूक उडविली नाहीं, आणि शस्त्रांची मला हौसही नाहीं. परंतु जें मोजतां येतें तें मोजून पाहिल्यावांचून शेत गहाण पडूं नये, असें मला वाटलें. मीं त्यांजकडून महिन्याची मुदत मागून घेतली आणि लागोपाठ तीन रविवार मुलीबरोबर नेमबाजीच्या मैदानावर गेलों. तेथें मंडळाच्या प्रशिक्षकांकडून जें पाहिलें व शिकलों, तें आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें लिहीत आहें.

प्रथम हें पिस्तूल म्हणजे काय तें पाहूं. पंचवीस मीटरच्या स्पर्धेंतील पिस्तुलाच्या नळीचा व्यास 5.6 मिलिमीटर असतो. त्याचें काडतूस करंगळीच्या दोन पेरांएवढेंही नसतें, आणि गोळीचें वजन अवघें अडीच ग्रॅमांच्या आसपास भरतें. पिस्तूल मात्र लहान नसतें. 300 मिलिमीटर लांब, 150 उंच व 50 रुंद अशा पेटींत तें मावलें पाहिजे आणि त्याचें वजन 1400 ग्रॅमांहून अधिक असतां कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. एवढें जड शस्त्र एकाच हातानें, हात सरळ लांब करून धरावयाचें असतें. दुसऱ्या हाताचा टेका घेण्यास मनाई आहे, आणि भिंगाची दुर्बीण बसविण्यासही मनाई आहे.

या पिस्तुलास अर्ध-स्वयंचलित म्हणतात. याचा अर्थ, चाप एकदां ओढला कीं एकच गोळी उडते, परंतु पुढची गोळी पिस्तूल आपली आपण भरून घेतें. हें कसें घडतें, तें न्यूटनचा तिसरा नियम शिकलेल्या विद्यार्थ्यास सहज समजेल. दारू पेटतांच तिचा वायू गोळीला पुढें ढकलतो, आणि तेवढ्याच जोरानें काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्यालाही मागें रेटतो. त्या नळकांड्यामागें एक जड ठोकळा व एक स्प्रिंग असते. ठोकळा जड असल्यामुळें तो गोळीपेक्षां पुष्कळच सावकाश हलतो. गोळी नळींतून बाहेर पडते, तोंवर तो जेमतेम सरकूं लागलेला असतो. मग तो मागें येतो, रिकामें नळकांडें बाहेर फेंकतो, हातोडी चढवितो, आणि स्प्रिंगच्या जोरानें परत पुढें जातांना खालच्या पेटींतील नवें काडतूस नळींत सारतो. हें सर्व डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत उरकतें.

ही सोय कशासाठीं, तें स्पर्धेचे नियम पाहिले म्हणजे कळतें. स्त्रियांच्या स्पर्धेंत एकंदर 60 गोळ्या असतात. पहिल्या 30 शांतपणें, पांच पांच गोळ्यांच्या फेरीनें मारावयाच्या. प्रत्येक फेरीस 5 मिनिटें मिळतात. उरलेल्या 30 मात्र घाईच्या. हात खालीं तिरपा धरून उभें राहावयाचें. लक्ष्य 3 सेकंदच दिसतें, तेवढ्यांत हात वर करून एक गोळी मारावयाची. मग 7 सेकंद थांबून पुन्हां तसेंच. पुरुषांच्या जलद स्पर्धेंत तर ओळीनें मांडलेल्या पांच लक्ष्यांवर पांच गोळ्या प्रथम 8, नंतर 6 आणि शेवटीं केवळ 4 सेकंदांत मारावयाच्या असतात.

आतां पारख. पहिल्या रविवारीं प्रशिक्षकांनीं मंडळाचें तें जुनें पिस्तूल एका लोखंडी शिकंज्यांत घट्ट आवळलें आणि पंचवीस मीटरवरून दहा गोळ्या उडविल्या. त्यांत माणसाचा हात नव्हता, श्वास नव्हता, भीतीही नव्हती. कागदावर जीं भोकें पडलीं, तीं सर्व रुपयाच्या नाण्याहून किंचित मोठ्या जागेंत होतीं. ही जागा लक्ष्याच्या मध्यावर नव्हती, डाव्या बाजूस होती; परंतु प्रशिक्षकांना त्याची चिंता नव्हती. येथें दोन गोष्टी निरनिराळ्या ओळखिल्या पाहिजेत. भोकें एकत्र पडणें हा नळीचा गुण; तीं मध्यावर पडणें हें दर्शिकेच्या स्क्रूचें काम. एकत्र पडलेलीं भोकें स्क्रू फिरवून मध्यावर आणितां येतात. विखुरलेलीं भोकें कोणत्याही स्क्रूनें गोळा करितां येत नाहींत. मग त्यांनीं दुसऱ्या व तिसऱ्या बनावटीचीं काडतुसें घालून पाहिलीं. एका बनावटीनें तीच जागा जवळ जवळ दुप्पट केली. पिस्तूल तेंच, परंतु काडतूस मानवलें नाहीं. नव्या पिस्तुलाच्या आधीं काडतुसें बदलून पाहावीं, ही गोष्ट फारच थोड्या पैशांत होण्यासारखी आहे.

दुसरी पारख दर्शिकेची. नळीच्या पुढच्या टोंकावर एक लहान उभा ठोकळा असतो. त्यास माशी म्हणतात. मागें एक खाच असते. खाचेच्या बरोबर मध्यें माशी दिसली, दोहोंचे माथे एका रेषेंत आले, म्हणजे नेम बसला. माशी व खाच यांमधील अंतर नियमाप्रमाणें 220 मिलिमीटरांहून जास्त असतां येत नाहीं. आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं येथें समरूप त्रिकोण काढून पाहावे. माशी खाचेच्या मध्यापासून एकच मिलिमीटर सरकली, तर 25,000 मिलिमीटरांवर गोळी किती सरकेल? 25,000 भागिले 220, म्हणजे सुमारें 114 मिलिमीटर. शांत फेरीच्या लक्ष्यावर दहा गुणांचें वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचें असतें. तेव्हां ही गोळी दहाच्या जागीं सहांत जाऊन पडते. उलट, माशी व खाच एका रेषेंत ठेवून सगळा हातच एक मिलिमीटर बाजूस गेला, तर गोळीही एकच मिलिमीटर बाजूस जाते.

हा हिशेब मीं फळ्यावर मांडला तेव्हां मुलगी बराच वेळ त्याकडे पाहत राहिली. हात थोडा हलतो म्हणून ती वर्षभर स्वतःवर रागावत होती. हात सर्वांचाच हलतो. त्याची शिक्षा थोडी असते. दिशा वांकडी होणें हाच मोठा अपराध. म्हणूनच जाणते नेमबाज डोळा लक्ष्यावर न ठेवितां माशीवर ठेवितात आणि लक्ष्य अंधुक दिसूं देतात; कारण जवळचें व दूरचें एकाच वेळीं स्पष्ट पाहणें मनुष्याच्या डोळ्यास शक्य नाहीं. दर्शिका पारखण्याची रीत सोपी आहे. स्क्रू दहा घरें उजवीकडे फिरवून गोळ्या माराव्या, मग दहा घरें डावीकडे परत आणून माराव्या. भोकें पहिल्या जागीं परत आलीं तर दर्शिका विश्वासाची.

तिसरी पारख चापाची, आणि जाणकार तिलाच सर्वांत अधिक मान देतात. या स्पर्धेंत चापास निदान 1000 ग्रॅमांचा ताण लागलाच पाहिजे. पंच नळी उभी धरून चापाला एक किलोचें वजन टांगतात व तें उचलून पाहतात. वजन वर येण्यापूर्वीं चाप सुटला तर त्या पिस्तुलास प्रवेश नाहीं. परंतु हलकेपणा हा कांहीं चापाचा गुण नव्हे. बोट मागें येत असतां प्रथम थोडा ढिला प्रवास व्हावा, मग एक ठाम अडसर लागावा, आणि ताण वाढत जाऊन वाळलेली काडी मोडावी तसा तो सुटावा. सुटल्यावर बोट पुढें धडपडूं नये. हें पहिल्या वेळीं जसें झालें तसेंच शंभराव्या वेळीं झालें पाहिजे. मंडळाचें पिस्तूल जुनें असूनही या परीक्षेंत उतरलें.

तर मग दोष कोठें होता? दुसऱ्या रविवारीं तेंच पिस्तूल, तींच काडतुसें, मुलीच्या हातांत दिलीं. भोकें तळहाताएवढ्या जागेंत पसरलीं, आणि बहुतेक सर्व डावीकडे. प्रशिक्षक तिच्या मागें न राहतां बाजूस उभे राहिले आणि त्यांनीं लक्ष्याकडे न पाहतां तिच्या मुठीकडे पाहिलें. पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लांकडाची, एखाद्या मोठ्या हाताच्या माणसासाठीं कोरलेली होती. मुलीचा हात लहान. तिचें बोट चापापर्यंत जेमतेम पोंचे. त्यामुळें चाप सरळ मागें न येतां डावीकडे ढकलला जाई, आणि त्याबरोबर माशीही जाई. एक मिलिमीटराचा हिशेब आपण वर केलाच आहे.

"नाचतां येईना, अंगण वांकडें" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु कधीं कधीं अंगण खरोखरच वांकडें असतें, आणि त्यासाठीं सगळें घर पाडावें लागत नाहीं. प्रशिक्षकांनीं कानशीनें मूठ जागोजागीं घांसली. जेथें पोकळी राहिली तेथें लांकडाचा भुसा व लांबी भरली. तळहाताखालचा आधार वर सरकविला. या सर्वास एक रविवार लागला.

चौथी पारख भरंवशाची. पिस्तूल स्वच्छ करून, न थांबतां निदान दोन-तीनशें गोळ्या मारून पाहाव्या. काडतूस अडकतें काय, नळकांडें नीट बाहेर पडतें काय, तें टिपून ठेवावें. स्पर्धेंत पिस्तुलाचाच बिघाड झाला तर नियम ठराविक मर्यादेंत पुन्हां संधी देतात. परंतु काडतूस भरावयास विसरलें, किंवा सुरक्षेची कळ काढली नाहीं, तर तो नेमबाजाचा दोष, आणि न उडालेल्या गोळीस शून्य. उत्तम शस्त्रही दगा देतें. 2021 मध्यें भरलेल्या तोक्यो ऑलिम्पिकांत मनू भाकर हिच्या हवेच्या पिस्तुलांत ऐन पात्रता-फेरींत बिघाड झाला, मोलाचीं मिनिटें गेलीं आणि तिची अंतिम फेरी हुकली. तीच मनू 2024 मध्यें पॅरिस येथें दोन कांस्यपदकें घेऊन आली.

शस्त्र आणि हात यांचें नातें सांगणारी याहून मोठी हकीकत हंगेरी देशांतील आहे. कारोली ताकाच हा सैन्यांतील नामांकित पिस्तूल-नेमबाज. 1938 मध्यें त्याच्या उजव्या हातांत हातबाँब फुटला व तो हात निकामी झाला. त्यानें कोणास न सांगतां डाव्या हातानें सराव आरंभिला आणि पुढच्याच वर्षीं आपल्या देशाचें अजिंक्यपद मिळविलें. मग महायुद्ध आलें. त्यांत ऑलिम्पिकच्या दोन खेपा बुडाल्या. 1948 मध्यें लंडन येथें, वयाच्या 38 व्या वर्षीं, जलद पिस्तूल-स्पर्धेंत त्यानें 580 गुणांच्या जागतिक विक्रमानें सुवर्णपदक जिंकलें, आणि 1952 मध्यें हेलसिंकी येथें तें राखलें. दुकानांत मिळणारें कोणतेंही पिस्तूल त्याला त्याचा उजवा हात परत देऊं शकलें नसतें.

आपल्याकडील उदाहरण कोल्हापूरच्या राही सरनोबत हिचें. 2018 च्या आशियाई स्पर्धेंत, याच पंचवीस मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरींत, तिचे व थायलंडच्या स्पर्धकाचे गुण सारखे झाले. बरोबरी सोडविण्यासाठीं पुन्हां नेम धरावे लागले, आणि राहीनें सुवर्णपदक मिळविलें. आशियाई स्पर्धेंत नेमबाजीचें सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री होय.

पालकांसाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. मैदानावर मला सर्वांत अधिक आवडली ती तेथील शिस्त. पिस्तूल कामांत नसेल तेव्हां तें रिकामें असावें, उघडें असावें, आणि तें रिकामें आहे हें दुरून दिसावें म्हणून नळींत एक भडक रंगाची दोरी घातलेली असावी. नळीचें तोंड सदैव लक्ष्याकडे. नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर. कोणी लक्ष्याजवळ गेलें असतां शस्त्रास हात लावावयाचा नाहीं. लहान काडतुसाची गोळीही प्राण घेऊं शकते, हें तेथें कोणी क्षणभर विसरत नाहीं. ज्या मुलास हे नियम जाचक वाटतात, त्यास हा खेळ शिकवूं नये.

महिना संपला. तिसऱ्या रविवारीं, घांसलेल्या मुठीनें, मुलीचीं भोकें तळहातावरून चहाच्या बशीच्या खळग्याएवढ्या जागेंत आलीं होतीं. नाण्याएवढीं अजून झालीं नव्हतीं. मीं वडिलांस दोन्ही कागद शेजारीं शेजारीं ठेवून दाखविले, एक शिकंज्याचा व एक मुलीचा. "या दोहोंमध्यें जेवढें अंतर आहे, तेवढें काम पिस्तुलाचें नव्हे, तिचें आहे," असें मीं सांगितलें. "तिचा कागद जेव्हां शिकंज्याच्या कागदासारखा दिसूं लागेल, तेव्हां नवें पिस्तूल घेण्याची वेळ आली असें समजा. मग मात्र मागें पाहूं नका."

त्यांनीं शेत गहाण ठेविलें नाहीं. मुलगी अजून मंडळाचेंच पिस्तूल वापरते. शिकंज्याचा तो कागद तिनें आपल्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटविला आहे, आणि दर रविवारीं आपला नवा कागद ती त्याच्याशीं ताडून पाहते.