भिंतीवरचा कागद

कसबा पेठेत अजूनही असे दवाखाने आहेत, जिथले डॉक्टर रुग्णाला नावाने आणि त्याच्या आजोबांना चेहऱ्याने ओळखतात. खाली दुकान, मग अरुंद जिना आणि वर दहा-बारा खाटा. रात्री-अपरात्री घरात कुणाचे दुखले-खुपले की माणसे आधी तिथेच धावतात. अशा वेळी भिंतीवर काय लावले आहे, हे कोण पाहतो?

मीही पाहिले नव्हते. दोन वर्षांपूर्वी आईला पेठेतल्याच एका रुग्णालयात ठेवले. मागतील तिथे सह्या केल्या, अनामत भरली. घरी न्यायच्या दिवशी बिलात ‘इतर खर्च’ म्हणून मोठी रक्कम दिसली. कसला खर्च, असे विचारले तर उत्तर आले, ‘सगळीकडे असंच असतं हो!’ तेवढ्यात बायकोला कॅलेंडरआड टांगलेले दरपत्रक दिसले. त्यावर बोट ठेवल्यावर बिल पुन्हा तयार झाले आणि रक्कम बरीच उतरली.

खासगी रुग्णालयांवर सरकारची नजर असावी, हा विचार जुना आहे. मुंबई प्रांतात शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ मध्येच झाला. नोंदणीशिवाय रुग्णालय चालवता येत नाही, ती तीन वर्षांनी नव्याने करावी लागते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. पुणे शहरात नोंदणी आणि तपासणीचे काम महापालिकेचा आरोग्य विभाग करतो.

पैशांचा प्रश्न ऐरणीवर आला तो करोनाच्या साथीत. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे रोजचे दर ठरवून दिले: साध्या विभागात ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटर लागल्यास ९,०००. साथ ओसरली, ते दरही गेले. मात्र जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले, ते राहिले. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आता बंधनकारक आहे. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. म्हणजे दर किती असावा हे रुग्णालय ठरवते, पण तो आधी सांगणे त्याला टाळता येत नाही.

छोट्या रुग्णालयांचे डॉक्टर म्हणतात, की मोठ्या रुग्णालयांसाठी केलेले नियम जुन्या वाड्यातल्या दहा खाटांना झेपत नाहीत. जागेच्या आणि माणसांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण दरपत्रकाला जागा कितीशी लागते?

डॉक्टर ओळखीचे असले की दर विचारायला आपल्याला संकोच वाटतो. तांबट आळीत भांडे घेताना मात्र आपण वजन पाहतोच; त्यात दुकानदाराचा अपमान होत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणाला भेटायला रुग्णालयात गेलात, की नोंदणीचे प्रमाणपत्र आणि दरपत्रक कुठे आहे ते पाहून ठेवा. सापडले नाही तर महापालिकेकडे तक्रार करा. घाईच्या रात्री ते शोधायला सवड नसते.