सूर्याचा फोटो काढायला दुर्बीण केवढी घ्यावी?

दुर्बीण जितकी मोठी तितके बारीक दिसणार, असा समज आहे आणि तो खोटा नाही. पण वस्तीतील मुले वर्गणी काढून सूर्याचे फोटो घेण्यासाठी दुर्बीण घेणार असतील, तर त्यांनी आधी थोडा हिशेब करावा असे आम्हांस वाटते.

६० मिलिमीटर व्यासाच्या भिंगातून सूर्यावर एकमेकांपासून सुमारे १४०० किलोमीटर दूर असलेले दोन ठिपके जेमतेम सुटे दिसतात. व्यास दुप्पट केला, म्हणजे १२० केला, की हेच अंतर ७०० किलोमीटरवर येते. सूर्यावरचे मोठे डाग आपल्या पृथ्वीएवढे, कधी तिच्याहूनही मोठे असतात. त्यांचा काळा गाभा आणि भोवतालची फिकट कडा ६० च्या भिंगातही छान येते. मात्र सूर्याचा पृष्ठभाग रटरटणाऱ्या भातासारखा दाणेदार आहे. तापलेला वायू वर येतो, निवतो आणि खाली जातो. असा एकेक दाणा साधारण हजार किलोमीटरचा असतो आणि काही मिनिटांत मोडतो. तो फोटोत हवा असेल तर १०० ते १२० चे भिंग लागते.

मग २०० चे का नको? आडवी येते ती हवा. दुपारी तापलेल्या पत्र्यावरची हवा थरथरताना आपण रोजच पाहतो. ती थरथर दीड-दोन हजार किलोमीटरचा तपशील सहज पुसून टाकते. अशा वेळी मोठी दुर्बीण लहानीपेक्षा जास्त काही देत नाही, खर्च आणि वजन तेवढे वाढते! उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातील बेटावर बांधली, कारण पाणी जमिनीसारखे झटकन तापत नाही. आपण सकाळी, छपरे तापण्याआधी, गच्चीऐवजी गवताच्या मैदानात जावे. एका फोटोवर न थांबता शेकडो घ्यावेत. हवा क्षणभर स्थिर झाली असेल तेव्हाचे मोजकेच स्पष्ट येतात, तेवढे ठेवावेत.

भिंग कितीही लहान असो, सूर्यासाठीचा खास फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवलाच पाहिजे. डोळ्याकडच्या बाजूला लावायची काळी काच उष्णतेने तडकते आणि क्षणात डोळा जातो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच चालत नाही. फोटोसाठीचा फिकट फिल्टर मिळतो, त्यातून डोळ्याने पाहू नये. फिल्टरला टाचणीएवढे भोक पडले तरी तो टाकून द्यावा. नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीलाही झाकण घालावे. मुले आधी तिलाच डोळा लावतात.