नाला कंपनीच्या आवारात, पाणी आपल्या घरात

पावसाळा तोंडावर आला की वस्तीत दोन कामे ठरलेली असतात. छपरावर प्लास्टिक टाकायचे आणि दाराशी विटांचा उंबरा चढवायचा. एवढे करूनही पाणी घरात येतेच. मग आपण पावसाला दोष देतो, नाहीतर नशिबाला. पण वस्तीलगतच्या कंपनीच्या कुंपणाआड नाल्याचे काय झाले, हे आपण विचारत नाही. मालकाची जागा, मालकाचा नाला, असे आपण धरून चालतो. हे धरून चालणेच आपल्याला दर वर्षी बुडवते.

मुंबईची मिठी नदी पाहा. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ती सुमारे 18 किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत विमानतळाने तिला वळायला लावले. खाडीच्या तोंडाशी खाजण आणि तिवरे होती, तिथे भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. काठावर कारखाने, गोदामे आणि झोपड्या दाटल्या. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती. एवढा पाऊस कुठल्याच गटाराला झेपला नसता, हे मान्य. पण शहराची जुनी गटारे तासाला 25 मिलिमीटर पावसापुरतीच आहेत, ती 50 मिलिमीटरची करा, असा अहवाल 1993 मध्येच पालिकेच्या हाती होता. बारा वर्षांनी पूर आला तेव्हा बहुतेक काम बाकीच होते. पुरानंतर बोट मात्र आधी झोपड्यांकडे गेले. धावपट्टीला आणि संकुलाला परवानगी काही झोपडीवाल्यांनी दिली नव्हती!

पाण्याचीही वहिवाट असते

शेताच्या बांधावरून जाण्याची वहिवाट आपल्या गावाकडच्या माणसाला सांगावी लागत नाही. तशीच पाण्याचीही असते. 1882 चा सुविधाधिकार कायदा 1891 पासून आपल्याकडे लागू आहे. नैसर्गिक ओढ्याचे पाणी कोणी मध्येच अडवू नये आणि वरच्या जमिनीवरचे पाणी खालच्या जमिनीने नैसर्गिकपणे वाहू द्यावे, हे तो मान्य करतो. दुसऱ्याच्या जमिनीतून 20 वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड पाणी नेले असेल, तर त्याचा हक्क तयार होतो. सरकारी जमिनीसाठी ही मुदत 30 वर्षे आहे. जागा विकली म्हणून असा हक्क आपोआप बुडत नाही. नवा मालक तो ओझ्यासह घेतो.

ज्यांच्या नावावर जमीनच नाही, त्यांना असा दावा लावणे अवघड जाते. पण त्यांनी हात टेकण्याचे कारण नाही. खाजगी मालकी सिद्ध झालेली नसेल, तर नदी-नाल्याचे पात्र जमीन महसूल संहितेप्रमाणे सरकारचे असते. मुंबईत गटारे बांधणे, राखणे आणि साफ ठेवणे हे 1888 च्या पालिका कायद्यानुसार पालिकेचे बंधनकारक काम आहे. त्यासाठी मालकाला वाजवी मुदतीची लेखी नोटीस देऊन कोणाच्याही जमिनीतून गटार नेण्याचा अधिकार तिला आहे. म्हणजे कंपनीचे फाटक बंद होते, ही सबब पालिकेला चालणारी नाही.

निर्णय फायलीत होतो

कारकुनी करता करता एक गोष्ट कळली. नाला आधी कागदावर बुजतो, जागेवर नंतर. नकाशातली रेघ सरकते, ‘नाला वळविण्यास हरकत नाही’ असा शेरा पडतो, उघड्या नाल्याच्या जागी अरुंद पाइप येतो. कंपनीला गाड्या लावायला जागा मिळते. पाणी तुंबून मागे फिरते आणि आपल्या चुलीपर्यंत येते.

पाणथळ जागांचेही तसेच. ‘पडीक’ म्हणून त्यावर भराव पडतो. खरे तर ती पावसाचे पाणी धरून ठेवणारी परात असते. 2017 च्या पाणथळ नियमांतून नदीपात्र, भातशेती आणि मिठागरे वगळली आहेत. म्हणून आपली जागा कोणत्या कायद्यात बसते, ते आधी पाहावे. तिवरांना मात्र चांगले संरक्षण आहे. 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड हा जगण्याच्या हक्कावर घाला मानला आणि भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली.

आपण काय करावे?

सिटी सर्व्हेचा नकाशा आणि मिळकत पत्रिका काढा. नाला किती रुंद दाखवला आहे ते पाहा. तो वळवण्याची परवानगी कोणी, केव्हा, कोणत्या अटीवर दिली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाचे शुल्क 10 रुपये असून 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. विकास आराखड्यावर हरकती मागवल्याची जाहिरात आली, की तिची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. अर्ज महिला मंडळाच्या सह्यांनिशी द्या, कारण गुडघाभर पाण्यात स्वयंपाक त्यांनाच करावा लागतो. अर्जाला तारखेचे फोटो जोडा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

हे सर्व पावसाळ्याआधी व्हायला हवे. पाणी घरात शिरल्यावर पालिका पंप पाठवील, शाळेत निवारा देईल, खिचडीही देईल. पण नाल्याची रुंदी काही त्या रात्री ठरत नाही. ती उन्हाळ्यात, कार्यालयातल्या टेबलावर ठरते. तिथे आपल्या वस्तीचा एक तरी कागद पोचलेला असला पाहिजे.